दुरुस्तीची खूण

बॉस्टन, मार्च १८५०

तुम्हाला दहा मिनिटं मिळतील. कोर्टाच्या गॅलरीत त्याहून जास्त वेळ कुणालाच उभं राहू देत नाहीत. दर दहा मिनिटांनी एक तुकडी खाली उतरवायची आणि दुसरी वर सोडायची असा नेम आहे, कारण हा खटला बघायला अख्खं शहर लोटलं आहे. मागून धक्के बसतील, लक्ष देऊ नका. कठड्यापाशी या आणि खाली बघा.

आरोपीच्या जागी बसलेत ते प्रोफेसर जॉन वेब्स्टर, हार्वर्डच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे. ते कर्जबाजारी आहेत आणि त्यांना पैसे दिले होते डॉ. जॉर्ज पार्कमन यांनी. पार्कमन नावाचे डॉक्टर, पण धंदा सावकारीचा आणि जमिनींचा. २३ नोव्हेंबर १८४९ला ते वसुलीसाठी कॉलेजात शिरले आणि पुन्हा कुणाला दिसले नाहीत. एफ्राइम लिटलफील्ड या कॉलेजच्या शिपायाला संशय आला. त्याने तळघरात उतरून वेब्स्टरच्या संडासाखालची विटांची भिंत फोडली, तर आत माणसाच्या शरीराचे तुकडे. प्रयोगशाळेच्या भट्टीतल्या राखेत हाडांचे अवशेष मिळाले, वितळलेलं सोनं मिळालं आणि खनिज मातीच्या कृत्रिम दातांचे काही ठोकळे मिळाले. चेहरा उरलेलाच नाही. तेव्हा बचाव पक्षाचा सवाल साधा आहे: मेलेला माणूस पार्कमनच होता कशावरून?

आता साक्षीला उभे आहेत डॉ. नेथन कीप, दातांचे डॉक्टर. ते सांगताहेत ती हकिगत १८४६ची आहे. मेडिकल कॉलेजची नवी इमारत पार्कमननी दिलेल्या जागेवर उभी राहिली होती, उद्घाटन तोंडावर आलं होतं आणि त्या दिवशी पार्कमनना नवी कवळी हवीच होती. काम घाईत उरकलं. बसवल्यावर तक्रार आली की जिभेला जागाच राहत नाही. मग कीप यांनी खालच्या कवळीची आतली बाजू घासून काढली. ते घासकाम त्यांच्या लक्षात आहे. तोंडाचे प्लास्टरचे साचेही त्यांनी जपून ठेवले आहेत. भट्टीतून काढलेला ठोकळा ते साच्यावर ठेवतात आणि तो बरोबर बसतो. घासलेली बाजूही जिथे हवी तिथेच आहे. सांगता सांगता कीप यांना रडू कोसळतं. ते ज्याच्याबद्दल बोलताहेत तो त्यांचा जुना पेशंट आहे.

बचाव पक्षानेही दातांचाच डॉक्टर आणला आहे आणि तो साधासुधा नाही. विल्यम मॉर्टन, १८४६मध्ये याच शहरात ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवणारा माणूस. त्याचं म्हणणं, या ठोकळ्यांत असं खास काही नाही; असे दात कुणाचेही असू शकतात. ज्युरीने विश्वास ठेवला तो कीप यांच्यावर. वेब्स्टरना ३० ऑगस्टला फाशी होईल, आणि त्याआधी ते खुनाची कबुलीही देतील.

तुमची दहा मिनिटं संपली. जिना उतरताना दोन गोष्टी डोक्यात ठेवा, पुढच्या प्रत्येक मुक्कामावर लागतील. पहिली: कवळी नीट जमली असती तर ती घासावी लागली नसती, ओळख पटली ती घाईतल्या चुकीच्या दुरुस्तीवरून. दुसरी: साचा राहिला नसता तर त्या दुरुस्तीची किंमत शून्य होती.

मुंबई, फेब्रुवारी १८७०

इथे रेंगाळायचं नाही, पण वाटेत आहे म्हणून बघून घ्या. समोर समुद्रात जे अवाढव्य जहाज उभं आहे ते ‘ग्रेट ईस्टर्न’. उष्ण देशांत येणार म्हणून त्याला पांढरा रंग दिला आहे. पोटात हजारो किलोमीटर तारेची वेटोळी आहेत. इथून निघून ते एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी तार टाकत जाणार आणि मुंबई लंडनशी जोडली जाणार. तांब्याच्या तारेला खारं पाणी लागू नये म्हणून तिच्यावर जे तपकिरी, चिवट आवरण आहे त्याला नख लावून पाहा. मलायाच्या जंगलातल्या झाडांचा हा चीक. नाव गटापर्चा.

गरम केला की मऊ पडतो, गार झाला की आकार धरतो, ओलाव्याला दाद देत नाही. तार बनवणाऱ्यांना जे गुण हवे होते तेच दातांच्या डॉक्टरांनाही हवे होते. १८३८मध्ये एडवर्ड मेनार्ड या अमेरिकन डॉक्टरने घड्याळाची स्प्रिंग घासून एक बारीक सुई केली होती. दाताच्या मुळातल्या नळीतून सडलेली नस ओढून काढायला ती उपयोगी पडत होती. पण नळी रिकामी करून ती भरायची कशाने, हा प्रश्न उरतच होता. या जहाजाच्या तीनच वर्षं आधी, १८६७मध्ये, बोमन नावाच्या डॉक्टरने नळीत गटापर्चा भरून दाखवला. तुमच्या स्वतःच्या एखाद्या दाढेचं रूट कॅनल झालं असेल तर आज तिच्या मुळातही बहुधा हाच चीक आहे, झिंक ऑक्साइडच्या भुकटीत मळलेला.

पॅरिस, ५ मे १८९७

आग काल संपली. र्‍यू जाँ-गुजाँ रस्त्यावर लाकडी मंडप घालून उमरावांच्या बायकांनी धर्मादाय बाजार भरवला होता. आत कापड आणि पुठ्ठ्याची मध्ययुगीन गल्ली सजवली होती आणि एका बाजूला नवलाईचा सिनेमॅटोग्राफ. त्याचा दिवा ईथरवर चालायचा. दिवा भडकला आणि पाव तासात मंडपाची राख झाली. मृत सव्वाशेच्या आसपास, बहुतेक बायका.

तुम्ही उभे आहात पॅले द लँद्युस्त्री या प्रदर्शनाच्या इमारतीत. मृतदेह इथे आणून ओळीने मांडले आहेत. नोकर, नवरे, मुली कंदील धरून ओळीतून फिरताहेत. कुणी अंगठी ओळखतं, कुणी बुटाचं बक्कल, कुणी झग्याची शिल्लक राहिलेली कड. ज्यांच्या अंगावर काहीच उरलेलं नाही ते देह तसेच पडून आहेत. अशांत एक आलाँसोंची डचेस आहे, ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिची धाकटी बहीण. आधी मुलींना बाहेर काढा, असं म्हणत ती मागे थांबली, असं वाचलेले लोक सांगताहेत.

मार्ग सुचवला पॅराग्वेच्या वकिलातीतल्या अल्बेर हाउस यांनी: यांचे दातांचे डॉक्टर बोलवा. सुचवणारा माणूस डॉक्टर नाही, पोलीसही नाही, हे ध्यानात घ्या. डचेसचे दात बघणारे डॉ. आयझॅक डेव्हनपोर्ट हे पॅरिसमध्ये दवाखाना चालवणारे अमेरिकन. ते सोबत आपल्या नोंदी घेऊन आले आहेत. कुठल्या दाताला सोनं भरलं, कुठला दात काढला, याचा नकाशाच आहे त्यांच्याकडे. एकामागून एक जबडा उघडत ते चालले आहेत आणि एका ठिकाणी थांबतात. कागदावरचं सोनं आणि तोंडातलं सोनं जुळलं.

या सगळ्या साक्षी पुढे एकत्र केल्या ऑस्कर आमोएदो यांनी. क्यूबात जन्मलेले, पॅरिसच्या दंत महाविद्यालयात शिकवणारे. त्याच वर्षी मॉस्कोच्या वैद्यक परिषदेत त्यांनी त्या मांडल्या आणि १८९८मध्ये न्यायवैद्यकातल्या दंतशास्त्रावर जाडजूड ग्रंथ छापला. या विषयाला शास्त्र म्हणून उभं राहायला जागा मिळाली ती इथे.

न्यू ऑर्लीन्स, १८९९

खुर्चीवर बसलेला पेशंट बिचारा बराच वेळ हललेला नाही, तुम्हीही हलू नका. डॉ. एडमंड केल्स एक्स-रे काढताहेत. राँटगेन यांनी हे किरण शोधून चारच वर्षं झाली आहेत, आणि केल्सनी अमेरिकेत दातांसाठी ते वापरायला जवळपास सगळ्यांच्या आधी सुरुवात केली. आजचा पेच वरच्या पुढच्या दाताचा आहे. मुळातली नळी भरायची आहे, पण ती नेमकी किती खोल आहे हे बाहेरून कळणार कसं? आजवर सगळे डॉक्टर हाताच्या अंदाजावर चालत आलेत. केल्सना एक साधी युक्ती सुचते. नळीत शिशाची बारीक तार घालायची आणि एक्स-रे काढायचा. तार मुळाच्या टोकाला पोहोचली की नाही ते दिसेल.

काच धुऊन उजेडासमोर धरली आहे. बघा. दात राखाडी, आणि त्याच्या मधोमध एक पांढरी रेघ. आज दर दिवशी जगभरच्या दवाखान्यांत जे होतं ते इथे पहिल्यांदा दिसतं आहे. केल्सना हवी होती फक्त लांबी. त्यांच्या हातात आली मात्र एका माणसाच्या दाताच्या पोटातली खासगी वाट, आणि तीही कागदासारखी जपून ठेवता येण्याजोगी.

हात मात्र मागे घ्या. यंत्र नीट चालतंय का हे पाहायला केल्स दर वेळी स्वतःचा हात किरणांपुढे धरतात. याची किंमत त्यांना पुढे मोजावी लागणार आहे. आधी बोटं, मग हात. एकामागून एक शस्त्रक्रिया. १९२८मध्ये त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं.

माँट्रियल, १९१०, आणि पुढे उडी मारून बेथेस्डा, १९६५

मॅकगिल विद्यापीठातल्या भाषणाला उभे आहेत लंडनचे डॉ. विल्यम हंटर. त्यांचा रोख सोन्याच्या टोप्यांवर आणि त्यांच्याखाली कुजत ठेवलेल्या मुळांवर आहे. संधिवात, रक्तक्षय, पोटाचे विकार, सगळ्यांचं उगमस्थान तोंडातली घाण असल्याचा त्यांचा ठाम दावा आहे. घाणेरड्या कामावरची त्यांची टीका खोटी नव्हती. पण तिचा अर्थ लोकांनी असा लावला की नस मेलेला प्रत्येक दात म्हणजे टाइम बॉम्ब. पुढची काही दशकं डॉक्टर वाचवता येणारे दात सरसकट उपटत राहिले.

त्यावरचं उत्तर उंदरांनी दिलं. बेथेस्डाच्या राष्ट्रीय दंतसंशोधन संस्थेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड यांच्या टेबलापाशी क्षणभर थांबा. उंदरांचे दोन गट आहेत: एक नेहमीचे, दुसरे जन्मापासून जंतुविरहित काचपेट्यांत वाढवलेले. दोन्ही गटांच्या दाढा कोरून नस उघडी केली. नेहमीच्या उंदरांची नस सडली, मुळाशी गळू झालं. जंतूच नसलेल्या उंदरांच्या तोंडात अन्नाचे कण तसेच जात राहिले, तरी जखमेवर दंतद्रव्याचा पूल बांधला गेला आणि नस जगली. म्हणजे दोष जंतूंचा. नळी स्वच्छ करून घट्ट बंद केली तर दात ठेवता येतो. दात उपटायची पकड बाजूला झाली आणि तोंडात राहिलेल्या दातांच्या मुळांत त्या पांढऱ्या रेघा वाढू लागल्या.

बर्लिन, मे १९४५

थोडं मागे यावं लागलं. शहर पडलं आहे, हवेत अजून धूर आहे. रशियन सैन्यातली दुभाषी येलेना र्‍झेव्हस्काया हातातली लहान लाल पेटी खाली ठेवायला तयार नाही. सगळे विजयाची दारू पिताहेत आणि तिला एका हाताने पेला धरावा लागतो आहे. पेटीत हिटलरचे जबडे आहेत.

हिटलरचे दातांचे डॉक्टर ह्यूगो ब्लाश्के पळून गेले आहेत. सापडल्या त्या त्यांच्या मदतनीस, केटे हॉयझरमान. त्यांना चान्सलरीच्या तळघरातल्या दवाखान्यात नेलं, तिथे एक्स-रे मिळाले. शिवाय पेटी उघडण्याआधीच त्यांनी आठवणीतून दातांचं वर्णन केलं. त्यात एक बारकावा होता. डावीकडच्या वरच्या ब्रिजचा मागचा भाग १९४४च्या शेवटी खराब झाला, तेव्हा ब्लाश्केंनी तो करवतून काढला, पुढचा तोंडातच राहू दिला. कापताना ड्रिलचा ओरखडा शेजारी उमटला होता, हे त्यांना ठाऊक होतं, कारण आरसा धरून त्या स्वतः उभ्या होत्या. आता पेटी उघडली जाते. ओरखडा तिथे आहे.

पुन्हा तेच. ओळख पटवली ती धड न जमलेल्या कामाने आणि ते पाहिलेल्या माणसाने. हॉयझरमान यांना या स्मरणशक्तीचं बक्षीस मिळालं ते असं: रशियात नेऊन डांबलं, घरी परतल्या १९५५मध्ये. पुढे १९७०च्या दशकात रीदार सोग्नाइस आणि फेर्दिनांद स्ट्रम या दंतशास्त्रज्ञांनी १९४४मध्ये काढलेले हिटलरच्या डोक्याचे एक्स-रे त्या जबड्यांच्या छायाचित्रांशी ताडून पाहिले. निष्कर्ष तोच निघाला.

ताकुआ पा, थायलंड, जानेवारी २००५

वात यान याओ हे बौद्ध मंदिर आहे. नाकावर रुमाल घट्ट बांधा. २६ डिसेंबरच्या त्सुनामीला काही दिवस झाले आहेत. थायलंडमध्ये पाच हजारांहून जास्त माणसं गेली. उन्हात आणि पाण्यात राहिलेले चेहरे कुणाचेच ओळखू येत नाहीत. डॉक्टरांच्या तुकड्या जगभरातून आल्या आहेत. इंटरपोलच्या पद्धतीनुसार दोन रंगांचे फॉर्म भरले जाताहेत: मृतदेहावर जे दिसतं ते गुलाबी फॉर्मवर, जिवंतपणीच्या नोंदींतून जे कळतं ते पिवळ्यावर. ओळख पक्की धरायला तीनच गोष्टी चालतात: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए.

एका गुलाबी फॉर्मकडे नीट बघा. खालची डावी पहिली दाढ, रूट कॅनल केलेली. एक्स-रेमध्ये मागच्या मुळातलं भरण टोकाच्या जरा अलीकडेच संपलं आहे, पुढच्या मुळात ते टोकाबाहेर थेंबभर आलं आहे. स्टॉकहोमहून मागवलेल्या पिवळ्या फॉर्ममध्ये तोच थेंब दिसला की विषय संपला. एवढ्यावरून स्वीडनमधल्या एका घराला कळवता येतं. युरोपातल्या पर्यटकांच्या बाबतीत सुरुवातीच्या ओळखी मोठ्या प्रमाणावर अशाच दातांवरून पटल्या.

शेजारचा गुलाबी फॉर्म एका थाई माणसाचा आहे. त्याच्याही दाढेवर कुणीतरी काम केलं आहे, एक्स-रेही स्वच्छ आला आहे. त्याच्या जोडीला ठेवायचा पिवळा कागद मात्र कुठल्याच दवाखान्यात नाही. स्थानिक मृतांसाठी डीएनए आणि ठशांची वाट पाहावी लागली ती यामुळे. दोघेही एकाच लाटेत गेले आणि दोघांच्याही तोंडात कुणा डॉक्टरचं काम होतं. फरक पडला तो फाईलचा.

पाविया, इटली, २००६

शेवटून दुसरा मुक्काम, आणि इथे मेलेलं कुणी नाही. फक्त काढलेले दात आणि एक भट्टी. संशोधकांनी तीन तऱ्हेचे दात घेतलेत: साबूत, भरलेले आणि रूट कॅनल केलेले. २०० अंश सेल्सिअसपासून पायरीपायरीने ते ११०० अंशांपर्यंत भाजायचे आणि आधीचा-नंतरचा एक्स-रे शेजारी ठेवायचा. दार उघडलं की भाजलेल्या दाताचं काय होतं ते दिसतं. वरचं कवच आणि आतला भाग सारखे आकसत नाहीत, म्हणून कवच तडकून उडतं. दात आधी काळा, मग राखाडी, मग पांढरा. भरलेलं कॉम्पोझिट ६०० अंशांपर्यंत आकार धरतं, चांदीचं अमल्गम १००० अंशांपर्यंत. आणि रूट कॅनलचं भरण ११०० अंशांनंतरही एक्स-रेत आपला आकार दाखवतं.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, गटापर्चा तर चहाच्या वाफेनेही मऊ पडतो! बरोबर आहे. पण भरणाचा मोठा भाग चीक नसून झिंक ऑक्साइड असतो, आणि एक्स-रेत ते उठून दिसावं म्हणून त्यात जड क्षारही घातलेले असतात. आगीत चीक जातो, खनिज नळीचा साचा धरून राहतं. शिवाय खरी आग भट्टीपेक्षा दयाळू असते. मूळ जबड्याच्या हाडात रुतलेलं, बाहेरून ओठ-गाल, आतून जीभ. बॉस्टनच्या भट्टीतले मातीचे दात फुटले नाहीत त्याचं कारणही कीप यांनी हेच दिलं होतं: ते भट्टीत गेले तेव्हा डोक्यातच होते.

एक तोटा मात्र आहे. रूट कॅनलमध्ये नस काढून टाकतात आणि दातातला डीएनए मुख्यतः नसेतच असतो. मुळावरच्या थरातून तो थोडाफार मिळू शकतो, पण भरवसा कमी. म्हणजे इलाज एक साक्षीदार घालवतो आणि दुसरा उभा करतो.

आज, तुमच्या गावातला कुठलाही दवाखाना

खुर्ची, तोंडावर दिवा, कोपऱ्यात एफएम. इंजेक्शनचा बधिरपणा अजून उतरलेला नाही. डॉक्टरांनी स्क्रीनवर शेवटचा एक्स-रे आणला आहे. नीट बघा, तुम्ही आता ते वाचू शकता. पांढऱ्या रेघा तुमच्या मुळांचं वळण जसंच्या तसं दाखवताहेत. एका नळीत भरण अर्धा मिलिमीटर अलीकडे थांबलं आहे. क्वचित एखाद्या पेशंटच्या नळीत ती साफ करायच्या बारीक सुईचं टोक तुटून अडकलेलं असतं. डॉक्टर ते सांगताना अवघडतात, पण चांगला डॉक्टर सांगतो आणि लिहून ठेवतो. जगात दुसऱ्या कुणाच्या दाढेत नेमकी हीच वळणं, हीच लांबी, हीच उणीव एकत्र सापडणं जवळजवळ अशक्य आहे. उत्तम कामही मुळाच्या आकारामुळे ओळखू येतंच. उणीव राहिली तर ओळख अधिक घट्ट होते.

आपल्याकडे बहुतेकांची कथा त्या दुसऱ्या गुलाबी फॉर्मसारखी आहे. रूट कॅनल झालं, टोपी बसली, पैसे दिले, गोळ्यांची चिठ्ठी पाकिटात विरली. एक्स-रे दवाखान्याच्या कम्प्युटरवर राहिला. कम्प्युटर बदलला की तोही गेला. दवाखाना बदलला, गाव बदललं, तर विचारायचं कुणाला?

म्हणून उठण्याआधी डॉक्टरांना एवढंच म्हणा, “डॉक्टर, हा एक्स-रे आणि आधीचाही मला पाठवाल का?” ते कारण विचारतील. खरं कारण सांगायला लाज वाटली तर म्हणा, पुढे कुठे दाखवायची वेळ आली तर लागेल. तेही खरंच आहे. मग तो फोनमध्ये ठेवा आणि घरातल्या एकाला पाठवा, कारण ज्या दिवशी तो दुसऱ्या कामाला लागेल त्या दिवशी तुमचा फोन तुमच्याकडे असेलच असं नाही. कीप यांनी साचा जपला, डेव्हनपोर्टनी नकाशा जपला, हॉयझरमान यांनी आठवण जपली. तुमच्या वाट्याला आलंय ते काम यांपेक्षा फार सोपं आहे: एक फोटो फॉरवर्ड करायचा.